नस जुळेल का, आणि त्यासाठी बाग विकावी का?

पत्र

डॉक्टर, माझा धाकटा भाऊ सत्तावीस वर्षांचा आहे. मे महिन्यात आंबे उतरवताना कलमावरून खाली पडला. गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, रॉड आणि स्क्रू टाकले. कागदावर 'डी १२–एल १ बर्स्ट फ्रॅक्चर' असं लिहिलंय. आता चार महिने झाले. पाय हलत नाहीत. डाव्या मांडीला हात लावला की थोडं कळतं म्हणतो. लघवीची नळी तेव्हापासून तशीच आहे आणि माकडहाडावर जखम झालीये.

गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ आला. त्याने एका केंद्राचे व्हिडिओ दाखवले. स्टेम सेलची इंजेक्शनं तीन वेळा, एकूण खर्च नऊ लाख. त्यानंतर माणसं चालताना दिसतात. बाबा म्हणतात, कलमांची बाग देऊन टाकू. द्यावी का? नसा पुन्हा वाढाव्यात म्हणून आणखी काय करता येईल? मेथिलकोबालमिनची इंजेक्शनं चालू आहेत. एका वैद्यांचं तेल लावतो, गरम पाण्याच्या पिशवीने शेक देतो. बाबांचा एक प्रश्न तुम्हाला मुद्दाम लिहायला सांगितलाय: कलम जोडतं, मग नस का जुळत नाही?

भावाला आम्ही खरं सांगितलेलं नाही. 'सहा महिन्यांत चालशील' एवढंच म्हणतो. हल्ली तो कोणाशी बोलत नाही.

– एक बहीण, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर

ताई, बाग विकू नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांना लांब उत्तरं आहेत, याला एवढंच, म्हणून ते आधी सांगितलं. नऊ लाखांत जे मिळणार आहे त्याने मज्जारज्जूतले तंतू पुन्हा वाढून माणूस चालायला लागतो, याला आज तरी पुरावा नाही. ज्या गोष्टींनी भावाचं पुढचं आयुष्य खरोखर बदलेल त्यांना यातला थोडाच पैसा लागतो. वेळ मात्र त्यांना आत्ताच द्यावा लागतो, आणि चार महिने तर गेलेच आहेत.

बाबांचा प्रश्न मला फार आवडला. वैद्यकीच्या पोरांनीसुद्धा मला तो कधी इतका सरळ विचारलेला नाही. कलम बांधताना खुंटाच्या आणि काडीच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना टेकवून आपण घट्ट बांधतो. तो थर नव्या पेशी तयार करतो, त्यांतून नव्या वाहिन्या होतात आणि रस वर चढतो. कुठली वाहिनी कुठल्या वाहिनीला मिळाली याचं आंब्याला काही पडलेलं नसतं. मज्जारज्जूचं तसं नाही. पाय हलवण्याचा हुकूम देणारी पेशी मेंदूत बसलेली असते आणि तिचा एकच सलग तंतू पाठीतून थेट कमरेपर्यंत उतरतो. मधे इजा झाली की खालचा तुकडा मरतो, कारण त्याला जगवणारी पेशी वर राहिली. मेलेल्या तुकड्याला वरचं टोक जोडून काही होत नाही. वरच्या टोकानेच पुन्हा वाढत जाऊन, जखम ओलांडून, खाली आपलं नेमकं ठिकाण गाठायला हवं. असे लाखो तंतू, आणि प्रत्येकाचं ठिकाण वेगळं.

दुसरं म्हणजे, 'नस तुटली' असं आपण म्हणतो, पण पडून झालेल्या इजेत मज्जारज्जू सुरीने कापल्यासारखा सहसा दुभंगलेला नसतो. मणक्याचा तुकडा मागे सरकून तो चेपतो, आत रक्त उतरतं, सूज येते आणि पुढचे काही दिवस इजा आतल्या आत पसरत राहते. म्हणूनच दाब शक्यतो २४ तासांत काढावा, असा आता प्रघात आहे. तुमच्याकडे दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, म्हणजे हातातली ती संधी तुम्ही घालवलेली नाही. 'आणखी आधी न्यायला हवं होतं' असं घरात कोणी कोणाला बोलत असेल तर ते आज बंद करा.

हातापायातली नस मात्र तुटली तरी वाढते, हे बाबांनीही पाहिलं असेल. कोयत्याने बोट कापलं, शिवलं, काही महिन्यांनी बोटाच्या टोकाला हळूहळू कळायला लागलं. तिथे नसेभोवतीच्या पेशी मेलेला भाग साफ करून वाट तयार करतात आणि तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो. मज्जारज्जूत हे होत नाही. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ च्या सुमारास लिहून ठेवलं होतं की मोठ्या माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जे मरतं ते परत उगवत नाही, आणि हा निकाल फिरवायचा झाला तर ते काम पुढच्या शास्त्राचं. १९८१ साली माँट्रियलमध्ये सॅम डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तर मज्जारज्जूतल्या पेशींचे तंतू त्या पुलातून काही सेंटिमीटर वाढत गेले! पुलाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली तेव्हा मात्र जवळजवळ तिथेच अडले. म्हणजे वाढायची ताकद काही अंशी होती, अडवत होता तो आजूबाजूचा परिसर. पुढे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी तंतूंवरच्या आवरणातलं एक अडवणारं प्रथिन शोधलं. त्याला नावच 'नोगो', म्हणजे 'पुढे जाऊ नको', असं पडलं. जखमेच्या जागी बनणारा वणही वाट अडवतो, हेही कळलं.

हे सगळं सांगते आहे ते यासाठी की 'डॉक्टरांना काही माहीत नाही, त्या केंद्रवाल्यांना माहीत आहे' असं तुम्हाला वाटू नये. चाळीसएक वर्षं जगभरातली चांगली माणसं या एका अडथळ्याशी झुंजताहेत. नोगोला रोखणारं औषध माणसांवर तपासलं गेलं. मानेच्या ताज्या इजेचे रुग्ण, इजेनंतर चार आठवड्यांच्या आत सुरुवात, काहींना औषध आणि काहींना नुसतं पाणी. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल छापून आला: सगळे रुग्ण मिळून पाहिलं तर हातांच्या ताकदीत दोन्ही गटांत फरक नाही. ज्यांची इजा अर्धवट होती त्यांच्यात थोडी आशा दिसली, ती पुढे तपासायची आहे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात चौघांच्या मज्जारज्जूत आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या स्टेम सेलपासून) तयार केलेल्या पेशी सोडल्या, तेही इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की वर्षभरात गंभीर अपाय झाला नाही आणि दोघांत सुधारणा दिसली. एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला. बातमी चांगलीच आहे. पण माणसं चार, तुलनेला दुसरा गट नाही, आणि तुमच्या भावाला चार महिने होऊन गेलेत. विजेच्या सौम्य झटक्यांचं एक यंत्र आहे, त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली, ती मानेच्या इजेत हातांसाठी. त्याने नवे तंतू उगवत नाहीत, उरलेल्यांना जाग येते.

आता त्या नऊ लाखांकडे येऊ. अशा केंद्रांत बहुतेकदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला मगज (बोन मॅरो) काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, सुईने सोडतात. त्या पेशींचे तंतू होऊन ते मेंदूपासून कमरेपर्यंतची वाट पुन्हा बांधतात, हे कोणीही दाखवलेलं नाही. मग व्हिडिओत माणसं चालतात कशी? पहिल्या वर्षात अर्धवट इजेचे बरेच रुग्ण आपसूक सुधारतात. त्याच काळात केंद्रवाले रोज काही तास व्यायाम करून घेतात. व्यायामाचं आणि निसर्गाचं श्रेय सुईला जातं. जे चालले नाहीत त्यांचा व्हिडिओ कोण काढणार?

आपल्याकडे नियमही स्पष्ट आहे. आयसीएमआर आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठी होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगळता स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी घेतलेल्या, नोंदवलेल्या चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत सामील होणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. चुलतभावाला म्हणावं, केंद्राला फोन कर आणि दोनच गोष्टी विचार: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला (जिथे अशा चाचण्या नोंदवतात) नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर पैसे कसले? उत्तर गुळमुळीत आलं की विषय संपला.

'फायदा नाही झाला तरी तोटा काय?' असं बाबा म्हणतील. पाठीच्या पाण्यात जंतू गेले तर मेंदूज्वर होतो. एक नोंदवलेली घटना अशी आहे की पोर्तुगालमध्ये नाकातल्या आतल्या आवरणाच्या पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी पाठीत कळा सुरू झाल्या. उघडून पाहिलं तर तिथे नाकासारखंच ऊतक वाढून शेंबूड साचत होता. तुमच्याकडच्या पेशी वेगळ्या असतील, पण जिवंत पेशी एकदा आत सोडली की परत बाहेर काढता येत नाही. शिवाय उद्या खरी, चांगली चाचणी भारतात आली तर 'आधी स्टेम सेल घेतलेत' या कारणाने भावाला तिच्यातून वगळण्याची शक्यता बरीच. हा तोटा कोणी सांगत नाही.

मग आशा काहीच नाही का? आहे, आणि ती त्याच्या इजेच्या जागेमुळे आहे. मज्जारज्जू पाठीच्या शेवटापर्यंत जात नाही. पहिल्या कंबर-मणक्याच्या, म्हणजे एल १ च्या आसपास तो संपतो आणि खाली नुसत्या नसांच्या मुळांचा झुपका लोंबतो. डी १२–एल १ ला मार बसला की मज्जारज्जूचं शेपूट आणि ती मुळं, दोन्ही चेपतात. मुळं ही हातापायातल्या नसांच्या जातीची. जी दबली पण तुटली नाहीत ती सावरू शकतात, काही पुन्हा वाढू शकतात. पण वेग तोच, दिवसाला एक मिलिमीटर. मांडीच्या पुढच्या स्नायूपर्यंतचं अंतर फूट-सव्वा फूट धरलं तर वर्षभराचा हिशेब. पोटरी आणि पावलापर्यंत दोन वर्षांहून अधिक, आणि दीड-दोन वर्षं नस न मिळालेला स्नायू इतका सुकतो की नंतर नस पोचली तरी साथ देत नाही. म्हणून काही परत आलंच तर ते आधी खुब्यात आणि मांडीत येईल. डाव्या मांडीला कळतंय ही नोंद म्हणूनच महत्त्वाची. उद्या गुडघा सरळ ठेवण्याइतकी ताकद मांडीत आली तर पावलांना प्लास्टिकचे स्प्लिंट लावून कुबड्यांवर चालणं शक्य असतं. येईलच असं मी म्हणत नाही. पण सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होतो आणि थोडीफार भर पुढेही वर्षभर पडत राहते, त्यामुळे आत्ताचा काळ बिछान्यात वाया घालवू नका.

डॉक्टरांना एक नेमका प्रश्न विचारा: 'याची आसिया ग्रेड कोणती?' इजा किती पूर्ण आहे हे सांगणारी इंग्रजी ए पासून ई पर्यंत श्रेणी असते. ती ठरवायला गुदद्वाराभोवती टाचणी टोचून कळतं का, आणि बोट आत घातल्यावर तिथला स्नायू आवळता येतो का, हे तपासावं लागतं. लाजेखातर ही तपासणी राहून जाते. तिथे काहीच कळत नसेल आणि आवळताही येत नसेल तर ए. नुसतं कळत असेल तरी बी, आणि बी ची वाट ए पेक्षा पुष्कळ बरी. ही तपासणी आता पुन्हा करून तारखेसह लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी ताडून पाहता येईल, नाहीतर रोज सकाळी अंगठ्याकडे बघत बसण्यात घरदार थकतं.

आता मी ज्यावर सर्वात जास्त जोर देणार आहे ते: लघवीची नळी आणि माकडहाडावरची जखम. तुम्ही नसांबद्दल विचारलंत आणि मी लघवीबद्दल बोलतेय, हे विचित्र वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धाआधी पाठीच्या इजेचे रुग्ण पायांमुळे मरत नव्हते, मूत्रपिंडातल्या संसर्गाने आणि शय्याव्रणाने (पडून राहून होणाऱ्या जखमांनी) मरत होते, तेही थोड्याच काळात. नाझी जर्मनीतून निसटून आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला वॉर्ड उघडला आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची काळजी, हातांचा व्यायाम एवढ्यावर हट्ट धरला. नवी नस एकही उगवली नाही, पण माणसं जगू लागली, नोकऱ्यांवर गेली. १९४८ साली त्याच अंगणात सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली, तिचंच पुढे पॅरालिंपिक झालं.

चार महिने आत ठेवलेली नळी म्हणजे जंतूंना उघडं दार आहे. त्याऐवजी दर चार ते सहा तासांनी साधी नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची, ही पद्धत आहे. मिशिगनच्या जॅक लॅपिडेस यांनी १९७२ साली दाखवलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. साधी नेलॅटन नळी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. भावाचे हात शाबूत आहेत, तो हे आठवडाभरात शिकेल. प्रत्येक वेळी निघालेली लघवी मोजून वहीत लिहायची. चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर जाऊ लागली तर वेळा जवळ आणायच्या किंवा संध्याकाळचं पाणी कमी करायचं. ही पद्धत सुरू करण्याआधी यूरॉलॉजिस्टना एकदा दाखवा. मूत्राशयाच्या दाबाची तपासणी, सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या. त्यानंतर दरवर्षी सोनोग्राफी, कितीही बरा असला तरी.

शीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण प्रश्न असणारच. या पातळीच्या इजेत गुदद्वार सैल पडतं, एनिमा-गोळ्यांचा उपयोग कमी होतो. रोज ठरलेल्या वेळी, चहा-न्याहारीनंतर अर्ध्या तासाने, हातमोजा आणि जेली लावून बोटाने पोट साफ करायचं. सुरुवातीला किळस वाटते. महिनाभरात दात घासण्याइतकं ते अंगवळणी पडतं आणि दिवसभर कपडे खराब व्हायची धास्ती जाते. हेही त्याने स्वतः करायचं, आईने नव्हे.

जखमेसाठी तिच्यावर वजन पडू न देणं हेच औषध, बाकी सगळं दुय्यम. पाठीवर निजवूच नका. डावी कूस, उजवी कूस आणि ऑपरेशनच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर पालथं. रात्रीही दोन-दोन तासांनी, गजर लावून. ती मधे भोक असलेली रबरी रिंग घरात असेल तर काढून टाका, तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी तुटतो. जखम सलाइनने धुवा, रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. अंडी, बांगडा, कुळथाची पिठी, डाळ पोटात भरपूर जाऊ द्या, जखम भरायला प्रथिनं लागतात. ताप आला, घाण वास सुटला किंवा तळाशी हाड दिसलं तर घरी थांबू नका. खुर्चीत बसू लागला की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून किंवा पुढे वाकून बूड मोकळं करायची सवय लागली पाहिजे. चांगली गादी खुर्चीइतकीच महत्त्वाची, आणि खरंतर त्या नऊ लाखांतला पहिला खर्च हाच.

दुसरा खर्च खुर्चीचा. रुग्णालयात दिसते ती जड, मोठ्या हातांची खुर्ची नको. त्याच्या मापाची, हलकी, कडेचे हात काढता येणारी घ्या. तिसरा खर्च घराचा. चिऱ्याच्या घराला ओटा, पडवी, प्रत्येक दाराला उंबरठा, आणि संडास मागे परसात. उताराचं गणित सोपं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून उभा केलात तर चढताना खुर्ची मागे कलंडते. संडासाचं दार तीन फुटांचं करून घ्या, आत भोकाची खुर्ची ठेवा. हे सगळं धरलं तरी बाग शाबूत राहील.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याला काही आठवडे राहून शिकता येईल अशा पुनर्वसन केंद्रात न्या. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, ती परवडेल. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात आणि दिल्लीच्या वसंत कुंजमधल्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरमध्येही हेच काम चालतं. वेल्लोरचा तो विभाग ज्यांनी उभा केला त्या डॉ. मेरी व्हर्गीस स्वतः १९५४ च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या होत्या, आणि नंतर चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करत. मुंबईत नीना फाउंडेशन ही संस्था याच रुग्णांसाठी आहे. चुलतभावाला खरोखर काही करायचं असेल तर त्याला डिस्चार्ज कार्ड, एमआरआयच्या फिल्म आणि ऑपरेशनची नोंद यांच्या प्रती द्या. हाजी अलीला जाऊन ओपीडीचा दिवस आणि दाखल करून घेण्याची पद्धत विचारून ये म्हणावं. आधी जखम भरून घ्यावी लागेल, हे लक्षात ठेवा.

सरकारी कामं थोडक्यात. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, पुढच्या प्रत्येक दारात ते लागतं. सातबारा बाबांच्या नावावर असेल तर शेतकऱ्यांच्या अपघातासाठीच्या गोपीनाथ मुंडे सानुग्रह अनुदान योजनेबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे याच आठवड्यात चौकशी करा. अर्जाला मुदत असते.

आता भावाचं न बोलणं. ताई, तुम्ही सगळे त्याच्या उशाशी बसून बाग विकायची चर्चा करता, आणि त्याला वाटतं तो सहा महिन्यांत चालणार आहे. त्याला खरंच तसं वाटतं का? त्याचं शरीर त्याला रोज काहीतरी वेगळं सांगतंय. तो गप्प आहे तो कदाचित तुमच्यासाठी, तुमचं खोटं मोडू नये म्हणून. माझ्या अनुभवात बहुतेक रुग्णांना घरच्यांच्या खूप आधी कळलेलं असतं. सहा महिने आता दोनच महिन्यांवर आलेत. तो दिवस उजाडून सरला की तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहणार नाही.

त्याला सांगा. डॉक्टरांसमोर, तो बसलेला असताना, बाबा आणि तुम्ही दोघंच जवळ असताना. 'तू कधीच चालणार नाहीस' असं म्हणू नका, कारण तेही कोणाला ठाऊक नाही. 'इजा मोठी आहे. किती परत येईल हे आज कोणी सांगू शकत नाही, काही आलं तर मांडीत आधी येईल. पण आल्याशिवाय अडून बसायचं नाही, खुर्चीवरून काय काय करता येतं ते शिकायला जायचंय.' एवढं पुरे. मग गप्प बसा आणि त्याला रडू द्या, चिडू द्या. आणि बागेचा विषय त्याच्यासमोर मांडा, निर्णय त्याला विचारून करा. बाग त्याचीही आहे, आणि पाठ तर त्याचीच आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, 'मला मारून टाका' असं बोलणं, यातलं काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४१६ हा टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे. लग्न, शरीरसंबंध, मुलं याबद्दल त्याच्या मनात प्रश्न असणारच. त्यांना उत्तरं आहेत, मूल होण्यासाठीही उपाय आहेत. पण ते त्याने डॉक्टरांना एकट्याने विचारायचे, तेवढा एकांत त्याला द्या.

राहिलं तेल आणि इंजेक्शनं. मेथिलकोबालमिन म्हणजे बी-१२. रक्तात ते कमी असेल तर द्यायलाच हवं, एकदा तपासून घ्या. कमी नसेल तर त्याने मज्जारज्जू भरून येत नाही, सुया थांबवायचं डॉक्टरांशी बोला. तेल लावायला माझी हरकत नाही. हलक्या हाताने लावा, लावताना टाचा, घोटे, नितंब नीट बघा, लालसर डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर वजन देणं बंद. जोरात रगडणं किंवा सांधे ओढणं नको, वापर नसलेली हाडं ठिसूळ होतात. एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर तिला तेलही नको आणि चोळणंही नको. ती रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि ती गरम पाण्याची पिशवी आजपासून बंद. त्याला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसेल तेव्हाच तुम्हाला कळेल, आणि एक नवी जखम भरायला आणखी दोन महिने जातील.